आठ वाजताची रेंज

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुठे उभं राहिलं की रेंज येते, हे विचारायचं असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या प्राप्तीला विचारायचं. ती प्राप्ती म्हणजे मी. नववी ब. दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या मुली रील बनवत होत्या तेव्हा मी तीन सिमकार्डं घेऊन मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत फिरत होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी.

कार्डं कुणाची? एक आईचं, एक बाबांचं, एक आजीचं. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. बाबांच्या जुन्या फोनमध्ये एकेक कार्ड घालायचं, स्पीड मोजायचं ॲप लावायचं, आकडा वहीत उतरवायचा. शीळफाट्याला मी रिक्षात बसून मोजलं. माजिवड्याला मावशीच्या गॅलरीत मोजलं, तर मावशी म्हणे, "अगं, फोन असा वर धरून काय आकाशातून प्रसाद मागतेयस?" आजीचं कार्ड सगळीकडे शेवटून पहिलं आलं.

"आजी, तुझी कंपनी म्हणजे बैलगाडी आहे."

"असू दे. समोरच्या बिल्डिंगमधली दगडाबाई मला नीट ऐकू येते ना? बास झालं."

पहिला नंबर आला आमच्याच गच्चीचा. बाबांचं कार्ड, पाण्याच्या टाकीजवळ, ब्याण्णव एमबीपीएस! ॲप आणखी एक आकडा दाखवायचं, खाली बारीक अक्षरात, लेटन्सी नावाचा. चार्टपेपरवर जागाच उरली नाही म्हणून तो मी सोडून दिला. तरी प्रदर्शनात माझा दुसरा नंबर आला आणि मला स्टेजवर माईकवर बोलायला लावलं. मी! जी मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला "यस मॅडम" पण बेंचच्या खाली बघून म्हणायची. बोलले आणि लोक हसले पण, जिथे हसायला पाहिजे तिथेच. त्या दिवसापासून मी थांबलेच नाहीये, असं आई म्हणते.

मला असं वर-खाली उड्या मारताना बघून सगळ्यांत जास्त खूश कोण झालं असेल तर मुकुलकाका.

मुकुलकाका बाबांचा धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही त्याला. एमआयडीसीत खोके बनवणाऱ्या कंपनीत तो छपाईचं मशीन चालवतो आणि हातांनी इतकं भराभर बोलतो की बाबांना त्याला "हळू, हळू" करावं लागतं. घरातल्या प्रत्येकाला त्याने खुणेचं नाव दिलंय. आजी म्हणजे कपाळावर मोठं कुंकू. बाबा म्हणजे पोट. आणि मी म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावर उभा तळहात, कारण लहानपणी कुणी आलं की मी पडद्याआडून एका डोळ्याने बघायचे. दुसरा नंबर आल्यावर मी त्याला सांगितलं, "काका, आता नाव बदल माझं." तो म्हणाला, "नाव असं मागून बदलत नाहीत. त्याला कारण लागतं."

तर, या काकाचं लग्न जमायला आलेलं. मुलगी कराडची, कल्पिता. तिलाही ऐकू येत नाही. ती एका लॅबमध्ये खोटे दात बनवते. (आजीला हे फार आवडलं. "घरचीच कवळी होईल," म्हणे.) आम्ही सगळे कराडला जाऊन आलो. पोहे झाले, फोटो झाले. कुणीतरी म्हणालं, "आता दोघांना बोलू द्या." आणि दोघांनी बोलायला हात वर केले, तर अकरा माणसं टक लावून त्यांच्या हातांकडे बघायला लागली. तिच्या मावशीने तर चष्मा पुसून घातला. आपण बोलताना लोक कान बंद करतात असं नाही. पण निदान कुजबुजता तरी येतं. हातांनी कसं कुजबुजणार? दोघांनी दोन-चार वाक्यांत आटोपतं घेतलं.

आमच्या घरात नियम आहे, काका व्हिडिओ कॉलवर असला की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. कराडच्या घरात तो नियम नव्हता.

म्हणून कल्पिताने एक अट घातली. होकार-नकार नंतर, आधी एकदा व्हिडिओ कॉलवर तासभर बोलायचं, कुणी बघणार नाही असं. तिचं काम सात वाजता सुटतं, लॅबमध्ये वायफाय चांगलं आहे, तर आठ वाजता. सोमवारी.

"गच्चीवर!" मी जाहीर केलं. "बाबांच्या कार्डावर. ब्याण्णव आहे तिथे, ब्याण्णव! सिद्ध झालेलं आहे."

सोमवारी आठला काका इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर गेला. मी टाकीच्या पाइपावर फोन लावून दिला, दिवा लावला आणि खाली आले. पंधरा मिनिटांत काका पण खाली आला. हाताने "बरं" म्हणाला आणि जेवायला बसला. कॉल तुटला असेल, परत लावतील, असं आम्हाला वाटलं. पण जेवण झाल्यावर त्याने फोन माझ्यासमोर ठेवला. कल्पिताचा मेसेज होता.

"तुम्ही चांगले आहात. पण मी विचारलं की हे लग्न तुम्हाला हवंय की तुमच्या आईला, तर तुम्ही किती वेळ नुसते बघत राहिलात. प्रत्येक प्रश्नाला तसंच. ज्याला विचार करून 'हो' म्हणावं लागतं, त्याचा 'हो' मला नको. गुरुवारी घरचे दुसरं स्थळ बघायला बोलावणार आहेत. मी नाही म्हणणार नाही."

"पण तू का थांबलास?" मी विचारलं.

"मी थांबलोच नाही," काकाचे हात म्हणाले. "तिचा प्रश्न आला, मी लगेच उत्तर दिलं. तिला ते कधी पोचलं, मला काय माहीत? कधीकधी तर तिचं चित्रच थिजायचं."

मी फोन घेऊन पळत गच्चीवर गेले आणि ॲप लावलं. पाण्याच्या टाकीजवळ, बाबांचं कार्ड. स्पीड चार. चार! आणि खालचा तो बारीक अक्षरातला आकडा, जो चार्टवर मावला नव्हता: एक हजार नऊशे. मिलिसेकंद. म्हणजे इथून निघालेल्याला जाऊन परत यायला जवळजवळ दोन सेकंद.

मी कठड्यावरून खाली बघितलं. आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या. समोरच्या पण. त्यामागच्या पण. आणि माझ्या लक्षात आलं, मी किती बावळट आहे. मी सगळं मोजलं होतं सकाळी अकरा वाजता. सकाळी अकराला डोंबिवलीत असतं कोण? आज्या आणि मांजरं. सगळं गाव मुंबईला, ठाण्याला कामाला गेलेलं. आठ वाजता ते सगळे परत येतात, चप्पल काढतात आणि फोन काढतात. माझे ब्याण्णव हे रिकाम्या डोंबिवलीचे ब्याण्णव होते.

मी काकाला सगळं सांगितलं आणि रडले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "मग आठ वाजता रिकामं काय असतं?"

मी डोळे पुसले. आणि दोघांचे हात एकदमच उठले. त्याने मशीनचा रोलर फिरवल्याची खूण केली, मी खोक्याची.

एमआयडीसी!

मंगळवारी संध्याकाळी आम्ही काकाच्या स्कूटरवरून निघालो. सोबत तिन्ही कार्डं आणि आईचा फोन. आजीचं कार्ड मी नुसतं प्रयोग पूर्ण पाहिजे म्हणून घेतलेलं. आजीने ते कुरकुरत काढून दिलं. काका म्हणाला, तुझ्या ॲपवर माझा आता विश्वास नाही. त्याने स्वतःची पद्धत काढली, दगड-कागद-कात्री. मी कंपनीच्या गेटशी, तो पुढच्या कोपऱ्यावर, मध्ये व्हिडिओ कॉल. दोघांनी तीनच्या तालावर हात टाकायचा. उशीर असेल तर समोरचा आपला हात बघून मग टाकतोय, चीटिंग करतोय, असंच वाटतं. बाबांच्या कार्डावर काका सलग सहा वेळा चीटर ठरला. आईच्या कार्डावर चार वेळा. मग मी आजीचं कार्ड घातलं.

हात एकदम पडले. दगड-दगड. कागद-कात्री. दगड-कागद. आरशासमोर खेळल्यासारखे! मी तरी ॲप लावलंच. स्पीड एकतीस, लेटन्सी अठ्ठावीस. कारखान्यांमधली शेकडो माणसं घरी गेलेली, आजीची कंपनी तर तशीही फार कुणी वापरत नाही, आणि तिची बैलगाडी मोकळ्या रस्त्यावरून सुसाट.

काकाने तिथूनच कल्पिताला मेसेज केला. माझ्यावर काही ढकललं नाही त्याने. फक्त लिहिलं, "थांबत होती ती रेंज. मी नाही. उद्या आठला एकदा बघा, मग ठरवा." पाच मिनिटं काही आलं नाही. मग आलं, "दहा मिनिटं देईन."

बुधवारी पावणेआठलाच आम्ही गेटवर हजर. वॉचमन देवराममामा स्टूल घेऊन बाहेर आले. "काय गं, कालपण आलेलीस. टॉवर बसवायचाय का कंपनीत?"

"नाही हो मामा, काकाचं लग्न बसवायचंय."

"मग उभी काय राहिलीस, बस की!" असं म्हणून ते स्वतःच स्टुलावर बसले. मी त्यांना भिंतीकडे तोंड करायचा नियम सांगितला. ते म्हणाले, "मला कुठे त्यातलं कळतंय?" पण वळून बसले बिचारे.

केबिनचा बल्ब काकाच्या मागे येत होता, हात काळे दिसत होते. आम्ही स्कूटर वळवून तिचा हेडलाइट त्याच्यावर टाकला. आणि फोनचा स्टँड? स्टँड गच्चीवर. टाकीच्या पाइपाला. हुशार प्राप्ती! काकाला बोलायला दोन्ही हात लागणार, म्हणून फोन मीच धरला, हात लांब करून, आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

आठ वाजले. फोन थरथरला. कॉल लागला.

मला काहीच दिसत नव्हतं. फक्त काकाच्या हातांची सावली रस्त्यावर पडत होती, ही एवढी मोठी, आणि ती पण मी बघायची नाही म्हणून मी पलीकडच्या पत्र्यावरचा कंपनीचा नंबर वाचत बसले. शर्टाची सळसळ ऐकू यायची. मग थांबायची, तेव्हा ती बोलत असणार. मग लगेच परत सळसळ. लगेच! मी मनात मोजत होते, एक सेकंदही जात नव्हता.

दहा मिनिटं झाली. खांदा भरून आला. कुणी थांबलं नाही. वीस झाली. तीस झाली.

आणि तेवढ्यात फोन वेगळाच थरथरायला लागला. काकाने माझ्या दंडावर चापट मारली. मी एक डोळा मिटून, दुसरा अर्धा उघडून बघितलं. चित्रावर नंबर आलेला. रोज साडेआठला आजीला फोन करणारी दगडाबाई! कार्ड आजीचं, म्हणजे फोन इथेच येणार, हे मी, काका, आजी, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी कट केला. परत आला. कट. दगडाबाई हार मानत नाही. पाच वेळा. पाचव्या वेळी मला हसू फुटलं आणि फोन हलला.

काकाने माझा खांदा धरून मला वळवलं. "ती विचारतेय, फोन कोण हलवतंय."

मी स्क्रीनमध्ये बघितलं. कल्पिता लॅबच्या टेबलाशी बसलेली, मागे दातांचे साचे ओळीने मांडलेले, आणि ती हसत होती. मी माझं नाव सांगायला तळहात अर्ध्या चेहऱ्यावर नेला. तिने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तिने एक हात सरळ वर केला, मुठीत फोन धरल्यासारखा, आणि तो हवेत इकडून तिकडे फिरवला, मान वर करून, रेंज शोधल्यासारखा. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

काकाने तसंच करून बघितलं. एकदा, दोनदा. मग मला म्हणाला, "हे चांगलंय. याला कारण आहे."

"आणि तुझं काय?" मी त्याला विचारलं. "दहा मिनिटं कधीच संपली."

"रविवारी येतेय ती. भावाला घेऊन. म्हणते, इथे तर एकदम पटापट बोलताय, समोर बसून बघायचंय." त्याचे हात जरासे थांबले, आणि या वेळी रेंज दोषी नव्हती. "उद्याचं स्थळ नको म्हणून सांगितलंय तिने घरी. आत्ता, माझ्यासमोर."

"झालं का?" भिंतीकडे तोंड करून देवराममामा ओरडले. "मान अवघडली माझी!"

आम्ही घरी पोचलो तर दारात दगडाबाई कमरेवर हात ठेवून आजीसमोर उभी. "हौसा, पाच वेळा कापलास फोन! मला वाटलं, काही बरंवाईट झालं की काय!"

आजीने तिच्याकडे बघितलंच नाही. ती काकाकडे बघत होती. त्याने कपाळावर मोठं कुंकू काढलं, मग हातातला नसलेला चमचा पोह्यांच्या नसलेल्या बशीत फिरवला, आणि दोन बोटांनी दोन माणसं दारातून आत आणली.

आजी खुर्चीत बसली. पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"दे माझी बैलगाडी परत."