सरदारचा गेरू

माझी थोरली लेक इंदिरा साक्रीला सासरी गेली ते वर्ष १९८६. त्याच वर्षी माझ्या मोठ्या भावाने, जीवराम नानाने, सरदार नावाचा मेंढा आणला.

आम्ही ठेलारी, मेंढ्यांवर जगणारे. पावसाळ्यात धुळ्याकडचा माळ, कापूस निघाला की चोपड्याकडची शेतं. सरदारची मान खोंडासारखी, शिंगांची दोन-दोन वेटोळी. जत्रेत टक्कर जिंकला की नाना त्याचं तोंड आपल्या धोतराने पुसायचा. सुनेच्या ताटात डाळ कमी पडली तरी सरदारचा हरभरा चुकला नाही.

माजाच्या दिवसांत नाना त्याच्या छातीला गेरू फासायचा. मेंढा चढला की मेंढीच्या पाठीवर तांबडा डाग पडतो. डाग पडला की ती गाभण, असं आम्ही धरून चालायचो. दोन वर्षं नानाच्या सगळ्या मेंढ्यांच्या पाठी लाल झाल्या. कोकरू एक नाही. माझा मेंढा काळा, खुजा, एक शिंग मोडलेलं. माझ्या मेंढ्या वेळच्या वेळी विणाऱ्या.

"बठ्ठ्या वांझ शेतस," नाना सगळ्यांनाच नावं ठेवत म्हणाला आणि मेंढ्यांची एक गाडी भरून जळगावला अय्युब खाटकाकडे निघाला. मी सोबत होतो. अय्युबने एका मेंढीचे दात पाहिले, पोट चाचपलं.

"नाना, ये तो जवान है. मेंढा बदलके देखो."

"तू काप. माले धंदा नको शिकाडू."

नानाच्या घरात सून होती, मंदाबाई. त्याचा लेक मगन, त्याची बायको. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नाना मेंढ्यांना शिव्या द्यायचा तो तिच्याकडे बघून.

१९८८च्या माघात सरकारी जनावरांचे डॉक्टर तळावर आले. त्यांनी माझ्या काळ्याचं आणि सरदारचं वीर्य काढलं, काचेवर थेंब ठेवला, यंत्राला डोळा लावला. मलाही बघू दिलं. काळ्याच्या थेंबात वळवळ चाललेली, जसा आधणातला तांदूळ. सरदारच्या थेंबात काही हललं नाही. धुतल्या तांदळाचं पाणी.

"यात बीज नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंढीत खोट नाही, मेंढ्यात आहे. नर घडवणारा एक धागा असतो, तो बापाकडून लेकाला जातो. कधी त्याचाच तुकडा गळालेला असतो. मग शिंगं, ताकद, माज सगळं असतं, बीज नसतं. याचं कारण तेच की दुसरं, ते मोठ्या प्रयोगशाळेतच कळेल. पण याच्यापासून कोकरू होणार नाही."

सरदारचं दावं मंदाबाईच्या हातात होतं. तिने विचारलं, "डाक्टर, माणूसमा बी आसंच ऱ्हास का?"

"असतं, बाई. तपासणी दोघांची करावी. पुरुषाची आधी, ती सोपी असते."

मगन उठून मेंढ्यांमागे गेला. नाना खो खो हसला. "तुमनी काच धुई ल्या डाक्टर, घाण व्हई." पानाची पिंक त्याच्या मिशीवरून ओघळत होती.

आठ दिवसांनी त्याने पंच बसवले. मंदाबाईला माहेरी पाठवायची, मगनला दुसरी करायची. नाना पंचांपुढे म्हणाला, "मेंढीले गेरू लागना तरी कोकरू नही, मंग खोट कोन्ही? मेंढीनीच ना?" पंच हसले. सून समोर उभी होती आणि पांढऱ्या मिशांचे लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. सरदारच्या अंगाचा उग्र वास तिथवर येत होता. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

मंदाबाई माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही काचमा देखं ना? काय देखं ते सांगा."

नानाने माझ्याकडे पाहिलं. मगनने मान खाली घातली. मला नानासोबतच तळ टाकायचा होता, चराईची शेतं त्याच्या ओळखीची होती.

मी म्हणालो, "माले त्या यंत्रातलं काही समजत नही."

ती माझ्या पायापाशी थुंकली. अंगावर नाही, पायापाशी. मग आपलं लुगड्याचं गाठोडं उचलून गेली.

पुढच्या वर्षी नानाने सरदारला चांगलं धुतलं, छातीला ताजा गेरू लावला आणि चोपड्याच्या नथ्थूला विकला, जातिवंत मेंढा म्हणून. मी तिथेही उभा होतो. नथ्थूने मला विचारलं, "आबा, कसा शे?" मी म्हणालो, "ताकदवान शे."

मगनची दुसरी बायको सुनंदा. तिलाही मूल झालं नाही. तिच्यासाठीही पंच बसले, तेव्हा मात्र मी काचेत काय पाहिलं होतं ते सांगितलं. पंच म्हणाले, इतकी वर्षं का बोलला नाहीस? पण सुनंदाला माहेरी पाठवा असं कोणी म्हटलं नाही. सुनंदा नांदत राहिली.

मंदाबाईने दोंडाईच्याकडे पाट लावला. तिला दोन लेकरं झाली, हे मला बाजारात कळलं. तिच्या दारात जायचं तोंड मला नव्हतं, मी गेलो नाही.

जीवराम नाना १९९३च्या चैत्रात वारला. मंदाबाई त्याच साली पोळ्याच्या आदल्या दिवशी साप चावून वारली.