पायपेटीच्या पोटातलं सोयाबीन

मित्रांनो, सेनगावहून जीपने आमच्या गावात शिरलात की डाव्या हाताला एक छोटं चर्च लागतं. तिथली म्हातारी पायपेटी ती मीच. वय विचारू नका, मलाच नीट आठवत नाही. मला वाजवायचं तर पायाखालच्या दोन फळ्या एकीमागून एक दाबाव्या लागतात. मग पोटातल्या भात्यात वारा भरतो आणि सूर निघतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी परदेशातल्या कारखान्यात जन्मले. जहाजातून आले, रेल्वेतून आले आणि शेवटचा प्रवास बैलगाडीतून झाला. त्या हादऱ्यांनी माझा एक सूर बिघडला, तो आजही जरा रडकाच आहे. पण भिकाबाईंनी त्याला कायम सांभाळून घेतलं. चाळीस वर्षं त्या मला वाजवत होत्या. उपासनेआधी पदराने माझ्या पट्ट्या पुसायच्या, चप्पल काढून अनवाणी पायांनी वाजवायला बसायच्या. मंडळी म्हणायची, पेटी बोलते! मी फुगून जायचे, खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे सुगी झाली की शेतातलं पहिलं धान्य चर्चमध्ये आणून वाहतात. त्याचं वाटप होईपर्यंत पोती कुठे ठेवायची? मंडळीतले वडीलधारे अमृतराव म्हणाले, पेटीमागचा कोपरा कोरडा आहे. झालं! सोयाबीन आलं, त्यामागून उंदीर आले, आणि सात वर्षांपूर्वी त्यांनी माझा भाता कुरतडला.

माझा आवाज बसला. भिकाबाई जीव तोडून फळ्या दाबायच्या आणि वारा भोकातून निघून जायचा. मंडळी हळहळली. अमृतराव मायेनेच म्हणाले, आता तुमचे पाय थकले, बाकावर बसून गाणी म्हणा. भिकाबाईंना ते खरं वाटलं. तेव्हापासून त्या जिना चढायलाही घाबरू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, तुमचे पाय धड आहेत, भोक माझ्या पोटात आहे! पण मित्रांनो, मला ओरडायलासुद्धा वारा लागतो.

यंदा चर्चची दुरुस्ती निघाली. नवी फरशी आली, विजेवरची पेटी आली, दाराला नवी चौकट बसली. सगळ्यात शेवटी त्यांना मी आठवले. मला बाहेर न्यायला गेले तर मी चौकटीपेक्षा चार बोटं रुंद निघाले. चौकट नवी, मी जुनी, तेव्हा कापायचं कोणाला हे सांगायला नको. सोनाजी सुतारांनी करवत आणली, माझ्याच अंगाला टेकवली आणि ते चहाला गेले. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागला होता.

चाँद पाशा तिथेच बाकांच्या गाद्या शिवत होते. एरवी ते जीपच्या सीटा शिवतात. सोनाजी परतले तेव्हा ते उठून माझ्या मागे आले आणि म्हणाले, "ही तर स्क्रूवर बसवलेली हाय. कापता काहून?"

त्यांनी मागची फळी खोलली. आत उंदरांचं घरटं, सोयाबीनची टरफलं आणि पोत्याचा एक कुरतडलेला तुकडा होता. त्यावर लाल रंगात अमृतरावांचं नाव होतं. दुरुस्ती बघायला आलेल्या अमृतरावांनी तो तुकडा हातात घेऊन नाव वाचलं. मग पायरीवर बसलेल्या भिकाबाईंकडे गेले.

"चूक आमची व्हती, भिकाबाई. सात वर्षं तुमच्या पायाला बोल लावून राहिलो."

चाँद पाशांनी गादीचं उरलेलं रेक्झिन भोकावर चिकटवलं. भिकाबाई यायलाच तयार नव्हत्या, माझ्यानं न्हाई व्हणार, म्हणत होत्या. शेवटी आल्या, चप्पल काढली, पदराने पट्ट्या पुसल्या. पहिल्यांदा दाबलं तेव्हा नुसती धूळ उडाली. दुसऱ्यांदा सूर निघाला, आणि नेमका तो रडकाच निघाला! भिकाबाई आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"म्हंजे धड हायेत माझे पाय," त्या हळूच म्हणाल्या.

मला ठेवायचं की काढायचं, हे रविवारी ठरेल. करवत अजून कोपऱ्यात आहे आणि माझी धाकधूक काही जात नाही. पण मित्रांनो, एक ऐका. तुमच्या घरातली एखादी वस्तू, एखादं माणूस गप्प झालं, तर थकलं म्हणून मोकळे होऊ नका. आधी मागची फळी खोलून बघा.

आणि यंदाची पोती, कृपा करून, दुसरीकडे ठेवा.