पाच देशांच्या सुखाचा नकाशा

पाच देशांत गिअर बनवणाऱ्या कंपनीने कामगारांचं सुख मोजायला काढलं. प्रत्येकाने मोबाइलवर एक ते दहा गुण द्यायचे, दहा म्हणजे परमसुखी. सकाळी चाकणच्या कारखान्यात मृदुलाने सगळे गुण सॉफ्टवेअरमध्ये ओतले आणि नकाशा रंगला. चार देश हिरवे. भारत लालभडक.

चार वाजता परदेशातले साहेब स्क्रीनवर येणार होते आणि गिअर बनवणारी नवी लाइन कोणत्या देशाला द्यायची, ते हा नकाशा पाहून ठरवणार होते. ती चाकणला आली तर साठ कंत्राटी कामगार कायम होणार होते. यादीत पहिलं नाव भिमाजीचं. सात वर्षं कंत्राटावर.

“लाल देशाला कोण लाइन देईल?” एचआरचे नंदकिशोर घामाघूम झाले. “मृदुला, रंग बदल.”

“रंग बदलेल, सर. आकडे त्यांनाही दिसतात. पण चारपर्यंत गुण बदलता येतात.”

युनियनचे सोपानराव आले.

“एवढं दुःख कशाचं हो?” नंदकिशोरांनी विचारलं. “परवा गणपतीपुढे तुम्हीच नाचत होतात!”

“नाचलो की. पन करार अडलाय, साहेब. पगारवाढीच्या टायमाला सुखी हाय म्हनून लिहून द्यायला आमी येडे न्हाई. मीच सांगितलं, तीनच्या वर कुनी जायचं न्हाई.”

“अहो, लाइन जाईल!”

“मग सही करा. पाच मिन्टांत सुखी होतो.”

सहा महिने अडलेल्या करारावर कारखान्याच्या मॅनेजरांनी तीन वाजून दहा मिनिटांनी उभ्याउभ्या सही केली. करार कायम कामगारांचा. कंत्राटींना त्यात काही नव्हतं. दहा मात्र त्यांनीही दाबायचे होते.

एरवी शॉपफ्लोअरवर मोबाइलला बंदी. त्या दिवशी सुपरवायझर ओरडत होते, “मोबाइल काढा रे!” मशिनं थांबली. नेट अडकलं. साडेतीन. पावणेचार. मृदुलाच्या स्क्रीनवर भारत लालच. चारला पाच मिनिटं कमी असताना तो एकदम इतका गडद हिरवा झाला, की बाकीचे चार देश आजारी दिसायला लागले.

चार वाजले. साहेबांनी नकाशा मोठा करून पाहिला. नंदकिशोरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला.

“अभिनंदन,” साहेब म्हणाले. “भारतात आता आपल्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही. नवी लाइन सगळ्यांत दुःखी देशाला. कामाने माणूस सुखी होतो.”

स्क्रीन काळी झाली. सोपानरावांनी कराराची प्रत घडी घालून खिशात ठेवली.

दाराबाहेर भिमाजी उभा होता. “मॅडम, म्या दहा दाबले. लाइन आली न्हवं?”

“गेली, भिमाजी.”

“कुनाला?”

“जे सगळ्यांत दुःखी आहेत, त्यांना.”

भिमाजीने जरा विचार केला. “मंग सकाळी आमी कोन व्हतो?”