आडवा टहाळ

सरकारी माणूस वेळेच्या आधी येतो, हे वाडीत कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. म्हणून पऱ्याच्या पलीकडून जीपचा हॉर्न आला तेव्हा हौसाला वाटलं, कान वाजले. दुसऱ्यांदा वाजला आणि ती ताडकन उठली.

कारण साकव सोडलेला होता. आणि सोडला होता तिनंच.

पऱ्या म्हणजे तसा ओढाच. उन्हाळ्यात शेरडंसुद्धा खूर न भिजवता जातात. पण एकदा मिरग लागला की दसऱ्यापर्यंत उभी म्हैस घेऊन जातो. वाडी या काठाला. शाळा, दवाखाना, रस्ता, यष्टी, सगळं त्या काठाला. मधे साकव. दोन पोफळी आडव्या टाकायच्या, वर चिव्याच्या बांबूच्या कांब्या बांधायच्या, दोन्ही काठांना मेढी रोवून सुंभानं आवळायच्या. दरसाल वाडीनं बांधायचा, दरसाल पऱ्यानं न्यायचा.

पुलाची मागणी जुनीच. मागं एक साहेब बघायला आला होता. तेव्हा या शहाण्या वाडीनं काय केलं? पाहुणा येतोय म्हणून नव्याकोऱ्या पोफळी तोडल्या, धरायला कठडा केला, दोन्ही तोंडांना आंब्याचं तोरण लावलं. साहेब पायातले बूट न काढता अल्लाद इकडं आला, शहाळं प्यायला, आणि वर कळवून मोकळा झाला की इथं जा-यायची सोय आहे. पूल गेला घाटावर. तिकडं कुठल्याशा ओढ्यावर सिमेंटचा झाला म्हणे, आणि खालून जायला पाणी अजून यायचंय.

यंदा भादव्यात कळलं की सरकार अनुशेष मोजतंय. कुठल्या मुलखावर खर्च किती झाला, कोण किती मागं पडला, ते बघायला माणसं फिरतायत. महिपत गावकाराच्या खळ्यात सगळी जमली. भिकूनं विचारलं, अनुशेष म्हणजे काय प्रकार? महिपत म्हणाला, “शेष म्हणजे देवाच्या पुढ्यातलं उरलेलं. आणि अनुशेष म्हणजे घाटावरच्यांनी खाऊन उरलेलं.”

सगळी हसली. हौसा नाय हसली. ती बघत होती समोर, अलोऱ्याच्या, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीच्या दिव्यांकडं. कोयनेच्या विजेच्या तारा वाडीच्या डोक्यावरनं जातात, आणि खाली घराघरात रॉकेलची चिमणी.

गेल्या आषाढात तिची धाकटी जाऊ चंपा अडली. डोली पऱ्यावर आणली तर साकव गेलेला. पलीकडं दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. त्या छपराकडं बघत बघत चंपा गेली, पोटातल्यासकट. मागं राहिली पोर, राही. पहिलीत जाणारी. ती आता हौसाच्या पदराला.

“मागच्या टायमाला आपल्याच पाहुणचारानं आपला गळा कापला,” हौसा उठून म्हणाली. “यावेळी साहेबाला साकव दाखवायचाच नाय. काठावर उभा राहू दे. चंपी जशी बघत राहिली तसा बघू दे.”

बाईमाणूस खळ्यात एवढं बोलली म्हणून दोघं-तिघं घसा खाकरले, पण तिच्या तोंडाला कोण लागणार? नवरा सखाराम मुंबईला, घर तीच चालवते. ठरलं. साहेब तिसऱ्या प्रहरी येणार. सकाळी या काठाचा सुंभ सोडून ठेवायचा, आणि जेवणं उरकली की चार गड्यांनी पोफळी लोटून द्यायच्या. तोवर चुकून कुणी पाय टाकू नये म्हणून दोन्ही तोंडांना टहाळ.

टहाळ म्हणजे पाल्याची हिरवी फांदी. साकव धोक्याचा झाला की वाडीत ती तोंडाशी आडवी बांधतात. आडवा टहाळ म्हणजे पाय टाकू नको. हे शेंबडं पोरही जाणतं. राहीची लुडबुड नको म्हणून हौसानं तिला आदल्या दिवशीच पलीकडं आत्याकडं धाडलं होतं. मग सकाळी पलीकडं जाऊन आंब्याची फांदी आडवी बांधली, परत येऊन इकडं बांधली, आणि मेढीवरचा सुंभ उलगडला. आता पोफळींची टोकं नुसती दगडावर टेकलेली होती, सुंभाची शेपटी बाजूला लोंबत होती, आणि गडी घरात जेवत होते. राखणीला हौसा एकटी.

जीप थांबली. पांढऱ्या शर्टाचा जाडसर साहेब उतरला. त्याच्या मागून फ्रॉक सावरत उतरली ती राही. जीपमधे बसायला मिळतंय म्हटल्यावर ती कुठली आत्याकडं थांबते. आपली वाडी दाखवते म्हणाली असणार भवानी.

साहेब साकवाच्या तोंडाशी आला. आंब्याचा पाला बघून हसला. लांबनं सुद्धा ते हसू हौसाला दिसलं, आणि तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. याला तोरण वाटलं. मागच्यानं सांगितलं असणार, तिथली माणसं साधी हायत, आंब्याचं तोरण लावतात.

ती जीव खाऊन ओरडली. पऱ्या असा गर्जत होता की तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाय. तिनं दोन्ही हात वर करून हलवले, मागं जा, मागं जा. साहेबानं पण हात वर केला आणि हलवला.

राहीला कळलं होतं. ती पाय रोवून उभी राहिली, साहेबाच्या हातातनं हात ओढून घेत होती, फांदीकडं बोट दाखवत होती. साहेबाला वाटलं पोरगी पाण्याला भ्याली. त्यानं वाकून तिला कडेवर घेतलं, फांदी अलगद बाजूला केली, जशी देवळात घंटेची दोरी करतात, आणि पाय टाकला.

हौसा एक पाऊल पुढं झाली आणि थबकली. पळत जावं तर आपल्याच वजनानं टोक घसरायचं. गड्यांना बोलवावं तर हाक पोचायची नाय. पोफळी दगडावर कुरकुरल्या, बोटभर पुढं सरकल्या. आणि तिला लोंबता सुंभ दिसला. तिनं झडप घातली, मेढीला एक वेढा मारला, दुसऱ्याला सवड मिळाली नाय. टाचा दगडात रुतवल्या आणि मागं रेलली.

साहेब मधोमध आला तसा सगळा भार सुंभावर आला. काथ्या तळहातातनं सरकत गेला आणि कातडं घेऊन गेला. तिनं डोळे मिटले नायत. मिटले असते तर राही डोळ्यांआड झाली असती. पोर साहेबाच्या गळ्याला चिकटली होती, तोंड हौसाकडं, डोळे असे की चंपीच बघतेय. हौसा मनात नुसतं म्हणत होती, चाल. चाल रे भाड्या. थांबू नको.

आणि तो थांबला. मधोमध उभा राहून पाण्याकडं बघायला लागला. कांब्यांवर बूट आपटून बघितला, एकदा, परत एकदा. प्रत्येक दणक्याला मेढ हलत होती.

मग चालू लागला. काठाला आला, उतरला, राहीला खाली ठेवलं. पोर धावत येऊन हौसाच्या पाठीला बिलगली. तोवर महिपत, भिकू हॉर्न ऐकून धापा टाकत आले होते आणि हौसाच्या हाताकडं बघून जिथल्या तिथं थिजले.

साहेबानं रुमालानं मान पुसली. “अहो, चांगला मजबूत आहे की तुमचा साकव,” तो म्हणाला. “आणि स्वागत पण केलंत. मग पुलाचा एवढा आग्रह कशाला?”

हौसा साहेबाकडं बघत राहिली. हातातनं रक्त गळत होतं, सुंभ अजून धरलेला. धरून ठेवला तर हा आला तसा परत जाणार, आणि पूल घाटावर.

तिनं हात उघडले.

वेढा सुटला. टोकं दगडावरनं घसरली, पोफळी एकदा उभ्या झाल्यागत वाटल्या आणि पाण्यात गेल्या. पलीकडच्या मेढी उपटून घेऊन सगळा साकव वळणापलीकडं दिसेनासा झाला. जिथनं साहेब आत्ता चालत आला होता तिथं काय सुद्धा नव्हतं.

साहेब काठाकडं धावला. त्यानं ड्रायव्हरला हाका मारल्या, दोन्ही हात वर करून हलवले. पलीकडनं ड्रायव्हरनं पण हात हलवला.

“दुसरी वाट?” त्यानं विचारलं.

“नाय,” महिपत म्हणाला. “पाणी उतरलं की जायचं.”

“आणि रात्रीत कुणाला काही झालं तर? मला... मला शुगरचा त्रास आहे.”

सगळी पलीकडं बघत होती, दवाखान्याच्या छपराकडं. साहेबानं पण तिकडं बघितलं. मग हौसाच्या हातांकडं, मग रिकाम्या मेढीकडं. मोठा माणूस, पण साकवाची टोकं टेकली होती त्याच दगडावर मटकन बसला.

हौसाचं डोकं पुढं धावत होतं. उद्या हा म्हणेल, यांनीच साकव पाडला. पोलीस आणील. काय पण करील. तिनं राहीला पुढं ओढून घट्ट धरलं, तर पोरीच्या फ्रॉकवर तिच्या तळव्यांचे लाल डाग उठले.

“काकी,” राही हुंदके देत म्हणाली, “मी सांगत होते त्यांना. टहाळ हाय म्हणून सांगत होते.”

साहेबानं मान वर केली. “टहाळ म्हणजे काय गं?” त्यानं विचारलं.