वाकलेली भुजा

आमच्या वेधशाळेत दुर्बिणीने टिपलेली चित्रं दुसऱ्या दिवशी पडद्यावर तपासायची, हे माझं काम. तिथे माझ्या नजरेमुळे मला सगळे घार म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

त्या सकाळी समोर पाच दीर्घिकांचा दाट गट होता. एकाच ओट्याशी पाच जावा उभ्या राहाव्यात तशा त्या एकमेकींना खेटून होत्या. अशा गर्दीत ओढाताण व्हायचीच. त्यातली एकच सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारख्या भुजांची होती आणि तिची एक भुजा मला मध्येच वाकलेली दिसली. शेजारच्या मोठ्या दीर्घिकेने ओढली असणार! हे आजवर कोणीच नोंदवलं नव्हतं. मी आनंदाने उडालेच.

"सर, लवकर या!"

आमचे सर निवृत्तीला टेकलेत. त्यांनी चष्मा पुसून शांतपणे बघितलं. "कुठे वाकलीय?"

"ही काय, ढळढळीत!"

"चांगली गोल आहे की गं."

शेजारच्या टेबलावरची संगणकवालीही डोकावली. "ताई, मलाही नाही दिसत."

मी भडकले. "थांबा, फिरवूनच दाखवते."

ही आमची नेहमीची रीत. बाक खरोखर आकाशातला असेल, तर चित्र फिरवल्यावर तोही फिरतो. मी चित्र आडवं केलं. भुजा फिरली, बाक जागचा हलला नाही. आता तो शेजारच्या दीर्घिकेच्या कडेला दिसत होता.

"पडदा बिघडलाय," म्हणत मी तेच चित्र संगणकवालीच्या पडद्यावर लावलं. तिथेही तेच. मग तिच्या पडद्याची कड वाकली. मग दाराची चौकट वाकली. जिथे नजर टाकावी तिथे बाक.

बारीक बघताना डावा डोळा मिटायची मला सवय आहे, म्हणजे हे सगळं एकटा उजवा दाखवत होता. दोन्ही उघडले तर नुसता घोळ, काही धड कळेना.

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली. "डॉक्टरकडे चल. आत्ताच्या आत्ता."

माझ्या बाबांचे दोन्ही डोळे गेलेत. सुरुवात खिडकीच्या गजांपासून झाली होती. गज वाकडे बसवले म्हणून त्यांनी लोहाराला शिव्या घातल्या आणि आम्ही पोट धरून हसलो. आता घरात आम्ही दोघंच. त्यांची औषधं, रस्ता, वाचन, सगळं माझ्या डोळ्यांवर चालतं. मला भीती वाटत होती.

निघण्याआधी मी तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, मला उशीर होईल." फोन ठेवायला हवा होता, पण राहवलं नाही. "तुम्हाला वाकडं दिसायला लागलं, तेव्हा दुखलं होतं का हो?"



"कोणता डोळा?" बाबांनी विचारलं.

"उजवा."

"आणि डावा?"

"बघितला नाही अजून."

"बघ. मी आहे फोनवर."

मी उजव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि डावाही मिटून घेतला. समोर दाराची चौकट होती. फक्त डावा उघडून तिच्याकडे बघायचं होतं.

"बघितलंस का गं?" बाबा विचारत राहिले. मला डोळा उघडवेना.