दादाचं मातकट गाव

माझा दादा चित्रकार म्हणून देशभर गाजला, पण आपलं गाव काही त्याने कधी काढलं नाही. हट्टी कुठला!

आमचं मोरेगोल धरणाखाली गेलं तेव्हा मी शाळकरी पोर होते. गावाचा फोटो कुणाकडे नाही. माणसं पांगली, बरीचशी वारली. पुढे पुढे गाव आठवायला डोळे मिटले की मला नुसतं पाणी दिसायचं. भीती वाटायची हो. म्हणून कोबीच्या किमचीची बरणी घेऊन देगू शहरात त्याच्याकडे गेले की मी मागेच लागायचे, "दादा, एकदा तरी गाव काढून दे रे. मी विसरत चाललेय."

"बुन्ये, तेच तर करतोय," तो म्हणायचा.

करत काय होता? ताणलेल्या गोणपाटाच्या मागे उभा राहून मातकट रंग फळीने दाबायचा. पुढच्या बाजूला विणीतून त्याची टेंगळं बाहेर यायची. झालं चित्र!

"हे गाव? याच्या अंगावर तर पित्त उठलंय!" मी म्हणायचे. तो पोट धरून हसायचा.

थंडी संपता संपता तो गेला. परवा संग्रहालयात त्याचं प्रदर्शन लागलं. सख्खं असं मीच उरलेली, म्हणून मला पुढे बसवलं. भाषणं संपल्यावर मी एका मोठ्या चित्रासमोर जाऊन उभी राहिले. खाली पाटी होती, 'मोरेगोल'. असा संताप आला म्हणून सांगू! इतकी वर्षं मागितलं, ते हे?

तिथली एक मुलगी जवळ आली. "आजी, चित्र समजावून सांगू का?"

"माझंच गाव मला? सांग बाई, सांग!"

"यात एक शांतता आहे..."

"कसली डोंबलाची शांतता! डुकरं, कोंबड्या, त्यात आमची आई..." बोलता बोलता मी थांबले.

वरच्या दिव्याने टेंगळांच्या सावल्या पडल्या होत्या. हा तर आमच्या घराचा कूड होता! पुरात भिंत पडली, तेव्हा ज्वारीच्या धाटांचा नवा कूड घातला होता. दादा आतून ओला चिखल दाबायचा, तो धाटांमधून बाहेर यायचा, आणि बाहेर मी एकेक गोळा तळहाताने सपाट करायचे. "आली का गं माती?" तो आतून ओरडायचा. "आली, आली! अजून दे!" चुलीचा धूर, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, आईच्या हाका, सगळं भडाभडा परत आलं.

इथली माती मात्र कुणी सपाट केली नव्हती. बाहेर येऊन तशीच वाळली होती.

माझा हात आपसूक पुढे गेला.

"आजी, हात नाही लावायचा!" पहारेकरी धावत आला.

"आली रे दादा," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. लोक वळून बघायला लागले. बघेनात का. ज्याने ऐकायला हवं होतं, तो आता भिंतीपलीकडे नव्हता.