मला हात नाहीत

माझं नाव नंतर सांगते. आधी दुर्गाबाईंचा नवस सांगते, कारण पुढचं सगळं त्या नवसापाशी येऊन अडलं.

मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ट्रकने मोटरसायकल उडवली. दुर्गाबाईंचा एकुलता एक मुलगा नितेश जागीच गेला. मागे बसलेली त्याची बायको अपेक्षा अमरावतीच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होती. दुर्गाबाई रडल्या नाहीत. बार्शीटाकळीला घरी आल्या, माझी पेटी उघडली, लाल फडकं बाजूला केलं आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "पोराले नेलं तू. आता ही पोरगी तरी ठेव मले. ही उठली तर तुह्या पुढचा सयपाक हिच्याच हातचा. आन् तुह्यासमोर मी कधी खोटं बोलणार नाही."

अपेक्षा उठली.

मी पितळेचा मुखवटा. महालक्ष्म्यांच्या जोडीतली धाकटी. अमरावतीच्या एका कासाराने मला ठोकून घडवलं आणि दुर्गाबाईंच्या सासूने थोरलीबरोबर मला घरी आणलं. वर्षभर मी पेटीत असते. भादव्यात चिंचेने घासून मला बाहेर काढतात, टिनाच्या कोठीवर बसवतात, कोठीला नवं लुगडं नेसवतात, मला नथ घालतात. कोठीला हात नसतात. पदरच असा घेतात, की आत हात असावेत असं वाटावं.

माणसं मला फार काही मागतात. माझं मात्र त्यांच्याकडे एकच मागणं असतं, चिंच जरा हलक्या हाताने घासा.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अपेक्षा पहाटेच न्हाऊन चुलीपुढे बसली. पुरण, सोळा भाज्या, ज्वारीची आंबट आंबील, सगळं तिने केलं. शेजारच्या माणिकबाई दारातूनच बोलल्या, "दुर्गाबाई, रांडमुंड पोरीच्या हातचा निवद? काहून असं करून राहिल्या?"

"देवीले इचारून करून राहिली," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमाले जेवाचं नसन तर राहू द्या. पुरण कमी पडून राहिलं तसंही."

माणिकबाई जेवायला थांबल्या. पुरणावर राग धरणं त्यांना कधी जमलं नाही.

दुर्गाबाईंचे यजमान केशवराव अंगणात पाट मांडत होते. त्यांचे थोरले भाऊ पंजाबराव ओट्यावर बसले होते. त्यांना बायको नाही, मूल नाही. आजारपणात अपेक्षाने त्यांचं सगळं केलं होतं. सगळ्यांसमोर ते तिला म्हणाले, "पोरी, माह्या हिश्शाचं वावर, सारी जमीन तुह्या नावानं करून राहिलो. आन् लगन कर दुसरं. माह्यासारखी एकटी नको राहू."

"आधी जेवा, मोठे मामाजी," अपेक्षा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

मग आमच्यापुढे ताट वाढलं. आमच्याकडे रीत अशी, की नैवेद्य दाखवला की पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी अंगणात जायचं. महालक्ष्म्या जेवत असताना कोणी बघायचं नाही. ताटाशेजारी तांदळाच्या पिठाची परात सपाट करून ठेवतात. देवी जेवून गेली की पिठात बोटं उमटतात, असं सगळे मानतात. नंतर ते नैवेद्याचं ताट घरातल्या वडीलधाऱ्याने खायचं. म्हणजे पंजाबरावांनी.

पडदा ओढला गेला. अंगणात आरती सुरू झाली. मागच्या दाराने कोणीतरी आत आलं, पडदा जरासा हलला, आंबिलीच्या वाटीवर एक उजवा हात वाकला. वाकताना तोल गेला. डावा हात परातीत टेकला.

कोणाचा ते मी पाहिलं. पण दुर्गाबाईंना कळायच्या आधी मी तुम्हाला सांगणार नाही. तो मान त्यांचा.

पडदा सरकला आणि माणिकबाई किंचाळल्या, "उमटला! मायचा हात उमटला!" अख्खा हात होता. तळवा, अंगठा, तीन लांब बोटं आणि करंगळीजवळचं एक आखूड. "ते पाहा, बोट मुडपून कमळ धरलं मायनं!" सगळे खाली वाकले. दुर्गाबाईंच्या डोळ्यांत नितेश गेल्यापासून पहिल्यांदा पाणी आलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या सुनेच्या हातचं जेवले.

पंजाबराव ते ताट जेवले आणि संध्याकाळी अकोल्याला दवाखान्यात नेताना गाडीतच गेले. दवाखान्यात सांगितलं, पोटात फवारणीचं औषध आहे.

घराला सुतक लागलं, घरच्यांनी मला शिवायचं नव्हतं. मला उतरवायला माणिकबाईंनी बाहेरच्या कोणालाही हात लावू दिला नाही. हात उमटलाय, परात हलवायची नाही. म्हणून मी आणि थोरली तशाच उभ्या राहिलो. फुलं सुकली. नथ गालावर चिकटली. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि गावातल्या बायाबापड्या हात जोडून परातीपुढे येत होत्या, जात होत्या.

पोलीस ठाणेदार रश्मीबाई आल्या. वाकून त्यांनी परातीचा फोटो काढला. "नैवेद्याच्या वेळी आत कोणी गेलं होतं?"

"कोणीच नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. "महालक्ष्म्या जेवून राहिल्या होत्या." त्यांना ते खरंच वाटत होतं. ते खोटं नव्हतं.

"मी नको म्हणलं होतं तिच्या हातचं," केशवराव म्हणाले. डावा हात त्यांनी खिशात ठेवला होता. त्या दिवसापासून तो खिशातच असायचा. "वावर नावावर व्हणार म्हणून घाई झाली पोरीले."

अपेक्षाला जीपमध्ये बसवलं. जाताना इतकंच म्हणाली, "आई, चुलीवर दूध आहे."

दुर्गाबाईंनी दूध उतरवलं. केशवरावांना वाढलं. ते जेवले. उजवा हात खरकटा, म्हणून उठताना त्यांनी पाण्याच्या पेल्याने ओला झालेला डावा हात फरशीवर टेकला आणि आचवायला गेले. फरशीवर ओला तळवा राहिला. अंगठा, तीन लांब बोटं आणि करंगळीजवळचं एक आखूड. कडबा कापायच्या यंत्रात कधीकाळी गेलेलं.

दुर्गाबाई तांब्या घेऊन उभ्याच राहिल्या. ज्या हातावर त्यांनी जन्मभर पाणी घातलं, तो हात त्यांना पिठात ओळखू आला नव्हता. कारण पिठात त्या देव बघत होत्या. ओला ठसा हळूहळू वाळला. त्यांच्या तोंडावर काहीच हललं नाही. मी पितळेची, पण त्या क्षणी आम्हा दोघींत जास्त धातू कोण होतं, मला सांगता येणार नाही.

त्या माझ्यापुढे येऊन बसल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझा पदर बाजूला सारला. आत टिनाची कोठी होती.

रश्मीबाईंना निरोप गेला. त्या आल्या तेव्हा ओट्यावर माणिकबाई होत्या, दारात केशवराव.

"हा हात माह्या लक्ष्मीचा नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाज सपाट होता. "तिले हातच नाहीत. हा ह्यायचा हात आहे. खिशातून काढाले लावा."

"अवो, काय बोलून राहिल्या!" माणिकबाई पुटपुटल्या. "देवीचं उमटलेलं..."

"दुर्गे," केशवराव हळूच म्हणाले, "सवासीण आहेस तू. इचार कर."

"केला. पोरीसाठी नवस हिले बोलली होती मी. तुमाले नाही."

रश्मीबाईंनी वाट पाहिली. शेवटी केशवरावांनी खिशातून हात काढला आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिले, ती कोणा दुसऱ्याची असल्यासारखी.

अपेक्षा परत आली. दुर्गाबाईंनी तिला कवटाळलं नाही, तिनेही नाही. दोघी चुलीपुढे बसल्या. अपेक्षा म्हणाली, "आई, जेवल्या का?" दुर्गाबाई म्हणाल्या, "नाही. तू कर." मग तिने पिठलं केलं.

यंदा मला पुन्हा काढलं. चिंचेने घासलं ते अपेक्षानेच, हलक्या हाताने. सयपाक तिचाच. माणिकबाई आल्या, दोनदा पुरण मागून घेतलं. पडदा ओढला, पण पिठाची परात ठेवली नाही. दुर्गाबाई अंगणात गेल्या नाहीत. पडद्याच्या आत, माझ्याशेजारी पाटावर बसून राहिल्या. मी जेवते की नाही ते त्या बघत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. एकदा मात्र म्हणाल्या, "पोरीले स्थळ पाहून राहिली, माय. चांगलं भेटू दे."

उद्या मी पेटीत जाईन. तोंडावर लाल फडकं येईल. त्याआधी, ज्यांच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, त्या बायांनो, एवढं ऐका. साडीचा, सोन्याचा, उपासाचा नवस नका बोलू. दुर्गाबाई बोलल्या तो बोला. माझ्यापुढे खोटं बोलणार नाही, एवढाच. आणि पिठात हात उमटला, तर डोकं टेकवायच्या आधी माझा पदर एकदा उचलून बघा.